बोलबाला किती आणि माहिती किती?
मोबाईल प्रदर्शनांच्या चर्चेची मोजदाद कशी होते व तिचा अर्थ कसा लावावा

स्पेन देशातील बार्सिलोना शहरी बहुधा दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस अथवा मार्चच्या आरंभी मोबाईल उद्योगाचे एक भव्य व्यापारी प्रदर्शन भरते. ‘मोबाईल वर्ल्ड काँग्रेस’ या नावाने ते ओळखले जाते. तेथे सकाळी मांडलेल्या फोनचे छायाचित्र त्याच दिवशी वाळपईच्या बाजारात, काणकोणच्या बसस्थानकावर आणि पेडण्याच्या एखाद्या शाळेच्या शिक्षककक्षात लोकांच्या हातातील फोनवर दिसू लागते. पाठोपाठ ‘जगभर याचीच चर्चा आहे’, ‘लाखो लोकांनी पसंती दिली’, ‘एका दिवसात विक्रम मोडला’ अशी वाक्ये येतात. दुकानदार तीच वाक्ये ग्राहकास ऐकवितो आणि ग्राहक काही महिन्यांची बचत खर्चून मोकळा होतो.

ही चर्चा मोजली कोणी? कशी मोजली? आणि जो आकडा सांगितला जातो त्यावरून वस्तूच्या गुणाविषयी काही अनुमान काढता येते काय? या प्रश्नांचा उलगडा होणे आज ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी आणि शिक्षक या तिघांनाही आवश्यक झाले आहे. ग्रामस्थाचा त्यात पैसा गुंतलेला असतो. कर्मचाऱ्यास आपल्या योजनांच्या प्रसिद्धीचे मोजमाप अशाच आकड्यांनी करण्याचा मोह होतो. शिक्षकास मुलांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. म्हणून या विषयाची थोडी तपशीलवार माहिती येथे देत आहोत.

प्रदर्शन कशाचे आणि कोणासाठी?

जगातील मोबाईल सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांची ‘जीएसएमए’ ही संघटना हे प्रदर्शन भरविते. पूर्वी ते फ्रान्समधील कान येथे भरत असे. २००६ सालापासून ते बार्सिलोनास आले. २०१९ साली १ लाख ९ हजारांवर लोकांनी त्यास भेट दिली. महामारीनंतर ही संख्या बरीच रोडावली होती, ती २०२४ साली पुन्हा १ लाखाच्या वर गेली. आपल्या देशात याच धर्तीवर ‘इंडिया मोबाईल काँग्रेस’ हे प्रदर्शन २०१७ सालापासून दिल्ली येथे भरविले जाऊ लागले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतातील ५ जी सेवेचा शुभारंभ याच प्रदर्शनात झाला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा मेळा मुख्यतः व्यापाऱ्यांचा आहे. मनोऱ्यांवर बसवावयाची यंत्रे, केबली, संदेशवहनाची संगणकप्रणाली, हिशेब व देयके ठेवण्याची साधने यांचे करारमदार तेथे होतात. ज्या यंत्रामुळे आपल्या गावात रेंज येते वा येत नाही, ते यंत्र अशाच मेळाव्यात एका कोपऱ्यातील दालनात ठेवलेले असते. त्याचे छायाचित्र कोणी कोणास पाठवीत नाही. चर्चा होते ती चकचकीत, हातात धरता येणाऱ्या फोनची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्याचा आवाज मोठा त्याच्याभोवती गर्दी जमते, पण भरवशाचा माल घेणारे गिऱ्हाईक निमूटपणे आपल्या नेहमीच्या जागी जाऊन घेऊन येते, त्यातलाच हा प्रकार होय. सारांश, चर्चेचा आकडा पाहण्यापूर्वीच हे समजून असावे की, महत्त्वाची गोष्ट आणि बोलली जाणारी गोष्ट या दोन्ही एकच असतील असे नाही.

चर्चा मोजतात म्हणजे काय करतात?

समाजमाध्यमांवर, बातम्यांच्या संकेतस्थळांवर आणि चित्रफितींखाली लोक जे लिहितात, त्याचा संगणकाच्या साहाय्याने संग्रह केला जातो. मोजणाऱ्याने प्रथम काही शब्द ठरवावे लागतात. उदाहरणार्थ, प्रदर्शनाचे नाव, कंपन्यांची नावे, फोनची नावे आणि ‘हॅशटॅग’. शब्दाआधी एक विशिष्ट चिन्ह लावून त्या विषयावरील लिखाण एकत्र आणण्याची ही पद्धत ट्विटरवर वापरावी अशी सूचना २००७ साली पुढे आली आणि नंतर ती सर्वत्र रूढ झाली. ट्विटरचे नाव २०२३ साली बदलून ‘एक्स’ असे करण्यात आले, पण हॅशटॅगची पद्धत कायम आहे.

संग्रह झाल्यावर सामान्यतः चार प्रकारचे आकडे काढले जातात.

पहिला आकडा उल्लेखांचा. ठराविक काळात ठरलेला शब्द किती वेळा आला, एवढेच तो सांगतो. स्तुती केली की निंदा, स्वतः लिहिले की दुसऱ्याचे पुढे ढकलले, हे त्यातून कळत नाही.

दुसरा आकडा पोहोचीचा. लिहिणाऱ्याच्या अनुयायांची संख्या धरून ‘इतक्या लोकांपर्यंत मजकूर पोहोचला’ असे म्हटले जाते. हा आकडा बहुधा फुगलेला असतो. समजा, एका कार्यालयातील दहा जणांनी एकच मजकूर टाकला आणि प्रत्येकाचे ३०० अनुयायी आहेत. सरळ बेरीज केली तर पोहोच ३,००० भरते. परंतु त्यांपैकी २०० अनुयायी दहाही जणांना समाईक असले आणि उरलेले १०० प्रत्येकाचे वेगळे असले, तर खरी माणसे २०० अधिक १,००० म्हणजे १,२०० एवढीच. शिवाय त्या १,२०० जणांनी तो मजकूर वाचलाच असे नाही. तो फार तर त्यांच्या दारापर्यंत गेला असे म्हणता येईल.

तिसरा आकडा वाट्याचा. एकूण चर्चेपैकी एका कंपनीच्या वाट्यास किती चर्चा आली, याचे प्रमाण शेकड्यात सांगितले जाते. हा आकडा उपयुक्त आहे. पण ‘एकूण’ म्हणजे काय धरले यावर तो सर्वस्वी अवलंबून असतो. तुलनेसाठी चारच कंपन्या निवडल्या तर एखाद्या कंपनीचा वाटा सहज मोठा दिसतो, आणि चाळीस निवडल्या तर तोच लहान होतो.

चौथा आकडा कलाचा. लिहिणाऱ्याची भावना अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ हे संगणक शब्दांवरून ठरवितो. या आकड्यातील उणिवांचा विचार आपण पुढे स्वतंत्रपणे करू.

आता या आकड्यांची चाळणी कशी करावी, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, प्रदर्शनाच्या चार दिवसांत एका फोनविषयी १,००० उल्लेख मिळाले. ते एकेक वाचून पाहिले असता असे आढळले की, ४०० उल्लेख कंपनीनेच प्रसृत केलेल्या जाहिरातीचे पुढे पाठविलेले रूप आहेत. २५० बातम्यांचे दुवे आहेत. १५० ‘हा मजकूर पाठवा आणि फोन जिंका’ अशा स्पर्धेपोटी आलेले आहेत. १०० स्वयंचलित खात्यांवरून आलेले आहेत. आणि ६० दुसऱ्याच, पण नावाने मिळत्याजुळत्या, फोनविषयी आहेत. राहिले ४०. ज्यांनी फोन प्रत्यक्ष हाताळला व आपला अनुभव लिहिला असे हे ४० लोक. खरेदी करणाऱ्यास उपयोग आहे तो या ४० जणांच्या लेखनाचा. पण जाहिरातीत झळकतात ते पूर्ण १,००० उल्लेख.

‘तिपटीने वाढ’ आणि ‘शंभरपैकी शंभर’

वाढीचे आकडेही असेच तपासून पाहावे लागतात. एखाद्या वस्तूची चर्चा काल २० ठिकाणी होती ती आज ६० ठिकाणी झाली, तर ‘चर्चेत तिपटीने वाढ’ असे म्हणता येते. दुसऱ्या वस्तूची चर्चा १०,००० वरून १२,००० झाली, तर वाढ अवघी शेकडा २० भरते. पहिल्या ठिकाणी वाढलेले उल्लेख ४० आहेत, दुसऱ्या ठिकाणी २,०००. सबब, वाढ सांगणाऱ्यास ‘कशापासून?’ असा प्रश्न अवश्य विचारावा.

‘गूगल ट्रेंड्स’ या साधनाविषयीही बराच गैरसमज आढळतो. लोक कोणत्या विषयाचा शोध घेत आहेत हे दाखविणारे हे साधन कोणासही विनामूल्य पाहता येते. त्यात ० ते १०० असा आलेख दिसतो. येथील १०० म्हणजे १०० माणसे नव्हेत, शेकडा १०० लोकही नव्हेत. निवडलेल्या काळात व प्रदेशात त्या शब्दाच्या शोधाचे एकूण शोधांशी असलेले प्रमाण ज्या क्षणी सर्वात अधिक होते, त्या क्षणास १०० मानतात आणि बाकीचे क्षण त्याच्या तुलनेत मांडतात. म्हणून ज्या विषयाची कोठेच फारशी विचारपूस नाही, त्याच्याही आलेखात एखादा दिवस १०० चा असतोच. अंगणातील पिंपातले सर्वात वर चढलेले पाणी आणि साळावली धरणातील सर्वात वर चढलेले पाणी, दोन्हींस १०० म्हणावे, तसेच हे आहे.

यंत्रास न उमजणारी भाषा

कल ठरविणारी संगणकप्रणाली प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर घडविलेली असते. अलीकडे तिची पुष्कळ प्रगती झाली असली तरी आपल्या भाषांपुढे ती अद्यापि अडखळते. एकाने लिहिले, ‘वा! काय बॅटरी आहे, थेट दुपारपर्यंत टिकली!’ यातील उपरोध आपल्या शाळकरी मुलासही कळतो. यंत्र मात्र ‘वा’ आणि ‘टिकली’ हे शब्द पाहून तो मजकूर प्रशंसेच्या खात्यात जमा करण्याचा संभव असतो. ‘फोन भारी आहे’ या वाक्याचे प्रसंगानुसार तीन अर्थ होतात: उत्तम आहे, महाग आहे, वजनदार आहे. कोणता घ्यावा?

लेखनातील विविधता ही दुसरी अडचण. कोणी ‘मोबाईल’ लिहितो, कोणी ‘मोबाइल’. कोंकणीत ‘मोबायल’ असे लिहितात. पुष्कळ लोक मराठी व कोंकणी मजकूर रोमन लिपीत, ज्याला जसा सुचेल तसा, टंकित करतात. शब्दशोधाच्या जाळ्यातून हा सारा मजकूर निसटू शकतो. परिणामी ‘भारतातील लोकांचे मत’ म्हणून जे सादर केले जाते ते बहुशः इंग्रजीत लिहिणाऱ्या शहरी लोकांचे मत असते.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. व्हॉट्सॲपवरील खाजगी संदेश सांकेतिक रूपात जातात आणि पाठविणारा व घेणारा यांखेरीज इतरांस ते वाचता येत नाहीत. माणसाच्या खाजगीपणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि आपल्याकडील गावोगावची चर्चा मुख्यत्वे तेथेच होते, हे लक्षात घेता मोजणाऱ्याच्या हाती येणारी चर्चा ही एकूण चर्चेचा एक तुकडाच असते, हे उघड आहे.

सर्वात गाजलेला फोन, पण कोणासाठी?

आता तीन प्रत्यक्ष घटना पाहू.

२६ फेब्रुवारी २०१७ रोजी, बार्सिलोनाच्या प्रदर्शनाच्या पूर्वसंध्येस, ‘नोकिया ३३१०’ हा फोन नव्या रूपात सादर झाला. मूळचा ३३१० सन २००० मधील. त्याचे सुमारे १२ कोटी ६० लाख नग विकले गेले होते. त्याचा मजबूतपणा आणि त्यातील सापाचा खेळ पुष्कळांच्या स्मरणात होता. त्यामुळे महागडे, प्रगत फोन बाजूला राहिले आणि ४९ युरो किमतीच्या या साध्या बटणांच्या फोनचाच बोलबाला झाला. त्या वर्षीच्या सर्वाधिक गाजलेल्या वस्तूंत त्याची गणना होते.

परंतु हा फोन केवळ २ जी जाळ्यावर चालणारा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिंगापूरने आपली २ जी सेवा बंद केली. म्हणजे तेथे तो निरुपयोगी. भारतात तो मे २०१७ मध्ये ३,३१० रुपयांस विक्रीस आला. येथे २ जी सेवा काही कंपन्या देत होत्या, त्यांच्या ग्राहकांस तो चालला. मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओची सेवा केवळ ४ जी जाळ्यावर आधारलेली असल्यामुळे तिचे कार्ड त्या फोनमध्ये घालून उपयोग नव्हता. फोन वाईट नव्हता. कंपनीने काही लपविलेही नव्हते. परंतु लाखो उल्लेखांमधून ‘माझ्या गावातील जाळ्यावर हा चालेल काय?’ या एका प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. लोक बोलत होते ते आठवणींविषयी. आठवण आणि उपयोग यांची गल्लत चर्चेच्या आकड्यात दिसत नाही.

सात कोटी नावे आणि तीस हजार ऑर्डरी

दुसरी घटना आपल्याच देशातील. २०१६ सालचे बार्सिलोनाचे प्रदर्शन २२ फेब्रुवारीस सुरू होणार होते. त्याआधी पाच दिवस, १७ फेब्रुवारीस, ‘फ्रीडम २५१’ नावाचा फोन अवघ्या २५१ रुपयांत देण्याची घोषणा ‘रिंगिंग बेल्स’ या कंपनीने केली. दुसऱ्या दिवशी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले. सात कोटींहून अधिक लोकांनी नावे नोंदविल्याचे कंपनीने सांगितले. चर्चेच्या मापाने पाहिले तर इतके यश फार थोड्या वस्तूंच्या वाट्यास आले असेल.

त्याच वेळी या किमतीत असा फोन तयारच होऊ शकत नाही, असे मोबाईल उद्योगाच्या संघटनेने शासनास कळविले होते. पत्रकारांस दाखविण्यात आलेला फोन दुसऱ्याच कंपनीचा असून त्यावरील नाव झाकण्यात आले आहे, हेही उघडकीस आले. ज्या सुमारे ३०,००० लोकांकडून आगाऊ रक्कम घेतली होती ती परत करण्याचे कंपनीने फेब्रुवारीच्या अखेरीस जाहीर केले. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकास अटक झाली.

या घटनेचा बोध एवढाच नव्हे की स्वस्त वस्तूपासून सावध राहावे. सात कोटी नावे नोंदविणाऱ्यांपैकी बहुतेकांची गरज खरी होती. फोन हवा होता, पैसे कमी होते. गरज जितकी तीव्र, तितकी चर्चा मोठी. म्हणजे त्या आकड्याने लोकांच्या गरजेचे माप दिले, वस्तूच्या सत्यतेचे नव्हे. शंका घेणाऱ्यांचे आवाज त्याच दिवशी, त्याच माध्यमांत उमटले होते. पण सात कोटींच्या गजरात ते थोड्यांनाच ऐकू आले.

प्रदर्शन भरलेच नाही, तरी चर्चा उच्चांकी

तिसरी घटना २०२० सालची. २४ ते २७ फेब्रुवारी या काळात प्रदर्शन भरावयाचे होते. करोनाच्या साथीमुळे एलजी, एरिक्सन, सोनी, ॲमेझॉन, व्होडाफोन, नोकिया अशा कंपन्या एकामागून एक माघार घेऊ लागल्या आणि १२ फेब्रुवारीस आयोजकांनी प्रदर्शन रद्द केले. त्या दिवसांत जगभरच्या वृत्तपत्रांत प्रदर्शनाचे नाव सतत येत होते. केवळ उल्लेख मोजणाऱ्यास वाटावे की प्रदर्शन मोठ्या जोरात आहे. प्रत्यक्षात मंडप उभारण्याचे काम थांबले होते.

त्याच वर्षी चर्चेचे आणखी एक, अधिक घातक रूप दिसून आले. ५ जी लहरींमुळे करोना पसरतो अशी निराधार अफवा उठली आणि एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये काही मोबाईल मनोरे लोकांनी पेटवून दिले. करोना हा विषाणूंमुळे होणारा रोग. रेडिओ लहरींमधून विषाणू प्रवास करू शकत नाहीत. ज्या देशांत ५ जी नव्हते तेथेही साथ पसरलीच होती. मे २०२१ मध्ये ही अफवा भारतातही फिरू लागली, तेव्हा ५ जी आणि करोना यांचा काहीही संबंध नाही, असे केंद्रीय दूरसंचार विभागास जाहीर करावे लागले. त्या वेळी आपल्या देशात ५ जी सेवा सुरूही झालेली नव्हती. पुष्कळ लोक बोलतात म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

जे बोलू शकत नाहीत त्यांची नोंद

आतापर्यंत जे बोलले गेले त्याच्या मोजणीचा विचार केला. परंतु जे बोललेच गेले नाही त्याचे काय?

२०२० साली शाळा बंद होऊन वर्ग ऑनलाईन भरू लागले, तेव्हा सत्तरी व सांगे तालुक्यांतील काही गावांतल्या मुलांना रेंज शोधत डोंगर चढावा लागला, हे आपणा सर्वांस ज्ञात आहे. त्या काळात कोणी समाजमाध्यमांवरील उल्लेख मोजून ‘गोव्यात मोबाईल सेवेविषयी तक्रारी किती?’ असे पाहिले असते, तर तक्रारी आल्या असत्या त्या पणजी, मडगाव, वास्को येथून. जेथे सेवा आहे पण मंद आहे अशा ठिकाणांहून. जेथे सेवाच नाही तेथून तक्रार येणार कोणत्या वाटेने? नकाशावर असा भाग निवांत दिसतो, आणि वाचणारा त्यास समाधानी समजतो.

म्हणून चर्चेची मोजदाद करून निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने, मग ते शासकीय खाते असो वा खाजगी कंपनी, शांत दिसणाऱ्या भागात माणूस पाठवून चौकशी करणे आवश्यक ठरते. पंचायतीच्या नोंदवहीतील एक अर्ज, ग्रामसभेत उठलेला एक प्रश्न यांचे मोल हजार ऑनलाईन उल्लेखांपेक्षा कमी समजू नये.

काय करावे?

ग्रामस्थ बंधुभगिनींसाठी काही साध्या सूचना येथे देत आहोत.

एक, नवा फोन जाहीर होताच आगाऊ पैसे देऊ नयेत. प्रदर्शनात दाखविलेली वस्तू बाजारात येईपर्यंत काही महिने जातात. २०१९ साली बार्सिलोनात दाखविलेला हुआवेचा घडी घालता येणारा फोन चीनच्या बाजारात येण्यास नोव्हेंबर उजाडला. सॅमसंगचा तशाच प्रकारचा फोन परीक्षणासाठी दिला असता काहींचे पडदे बिघडल्यामुळे त्याची एप्रिलमध्ये ठरलेली विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली. थांबणाऱ्याचे नुकसान होत नाही.

दोन, आपल्या घरी, आपल्या कंपनीच्या जाळ्यावर फोन चालेल काय आणि दुरुस्तीची सोय जवळच्या शहरात आहे काय, हे आधी विचारावे.

तीन, फोनवर *#०६# ही कळ दाबल्यास त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. हा क्रमांक केवायएम या अक्षरांपुढे, मध्ये जागा सोडून, १४४२२ या क्रमांकास संदेशाने पाठविल्यास तो फोन नोंदलेला व वैध आहे किंवा नाही हे कळते. जुना फोन विकत घेताना ही खातरजमा अवश्य करावी. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरही ही सोय आहे.

चार, वस्तूविषयी तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी १९१५ येथे, आणि ऑनलाईन व्यवहारात पैशाची फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० येथे कळवावे. फसवणुकीच्या बाबतीत जितका विलंब होईल तितकी रक्कम अडविणे कठीण होते.

अधिकारी व कर्मचारी यांच्यासाठी एकच सूचना. योजनेची जाहिरात किती जणांनी ‘पाहिली’ किंवा ‘पसंत केली’ हा आकडा अहवालात द्यावयाचा तर खुशाल द्यावा. पण त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे द्यावेत. जाहिरातीनंतर किती लोकांनी कार्यालयात येऊन वा दूरध्वनीवरून विचारणा केली, आणि त्यांपैकी किती जणांचे अर्ज पूर्ण होऊन आले. पहिला आकडा मोठा आणि तिसरा लहान असेल, तर दोष कोठे आहे हे शोधण्यास तेवढी नोंद पुरे आहे.

शिक्षकांनी एक उपक्रम वर्गात करून पाहावा. पुढील प्रदर्शनाच्या वेळी एकाच फोनविषयीच्या वीस बातम्या अथवा संदेश मुलांना गोळा करण्यास सांगावे. नंतर त्यांचे तीन गट पाडावेत: कंपनीने स्वतः सांगितलेले, त्याचीच पुनरावृत्ती केलेले आणि कोणीतरी स्वतः तपासून लिहिलेले. प्रत्येक गटात किती आले याचा स्तंभालेख फळ्यावर काढावा. तिसऱ्या गटाचा स्तंभ किती उंच आहे हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. गणित, भाषा आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा अभ्यास एका तासात साधेल.

चर्चेची मोजदाद हे टाकाऊ शास्त्र नाही. लोकांस काय हवे आहे, कशाची भीती वाटते, कोणती अफवा कोठे उगवत आहे, हे त्यातून लवकर कळते आणि वेळीच उपाय योजता येतो. मात्र वस्तू टिकेल काय, सेवा मिळेल काय, दिलेली किंमत वसूल होईल काय, या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यात नसतात. ती मिळविण्यासाठी वस्तू हाती घ्यावी लागते, वापरणाऱ्यास विचारावे लागते आणि पावती जपून ठेवावी लागते. बार्सिलोनाचे वा दिल्लीचे पुढील प्रदर्शन भरेल तेव्हा नव्या फोनांच्या वार्ता पुन्हा आपल्या हाती येतील. त्या आनंदाने वाचाव्यात आणि पैशाच्या पिशवीचे तोंड मात्र खातरजमा झाल्यावरच उघडावे, ही वाचकांस विनंती.